घरोघरी जाणाऱ्या सिस्टरांना सरकारनं मदत द्यावी का?

मानेवाडावाली: आमच्या नागपुरातल्या वस्तीत तीन रिटायर्ड सिस्टर आहेत, दोघी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातल्या, एक डागा या सरकारी दवाखान्यातल्या. अंथरुणाला खिळलेल्यांचं ड्रेसिंग, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, राइल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी बघतात, पैसा घेत नाहीत. सासूबाईंना पॅरालिसिसनंतर घरी सोडताना दवाखान्यात सांगितलं, "कूस बदलत राहा." दर दोन तासांनी, हे या सिस्टरांकडून कळलं, तोवर कंबरेखाली बेडसोर, म्हणजे पडून राहिल्यानं होणारी जखम, झाला होता. ग्लोव्हज, गॉज सगळं त्या पेन्शनमधून आणतात. मे महिन्याच्या उन्हात स्कूटीवर फिरतात! महापालिकेनं किंवा राज्यानं यांना नियमित मदत द्यायला नको का?

महालचा बाप्पा: नको जी. सरकारच्या तोंडून 'स्वयंसेवा' ऐकलं की मला धडकी भरते. आशाताई २००५ पासून कागदोपत्री स्वयंसेविकाच, कामागणिक मोबदला, पगार नाही. २०२३ मध्ये संप केला, आश्वासन मिळालं. जीआर निघेना म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप. उद्या तुमच्या सिस्टरांनाही रजिस्टर, ॲप, टार्गेट. आणि तीन वर्षं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, शिकलेल्या पोरी खासगीत राबतात, त्यांना आधी नोकरी द्या ना. आपल्या नागपूरच्या कमलाताई होस्पेटांनी १९२१ मध्ये बाया-बाळंतिणींच्या सेवेसाठी मातृसेवा संघ काढला, तेव्हा कोणत्या योजनेची वाट पाहिली होती?

संत्राबर्फी: राजेहो, १९२१ मध्ये सरकार इंग्रजांचं होतं. आता आपलं आहे, टॅक्सही आपलाच.

मानेवाडावाली: बाप्पा, मानधन मागतंय कोण? सामान आणि पेट्रोल द्या, एवढंच. अडलं तर फोन करायला जवळच्या सरकारी दवाखान्यातला एक डॉक्टर.

ओपीडी नंबर ७: मी डॉक्टर आहे, म्हणून कटू बोलतो. कॅथेटरनं इन्फेक्शन झालं तर निस्तरणार कोण? नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे? मदत द्या, पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ट्यूबला हात नको.

मानेवाडावाली: चिठ्ठीसाठी पेशंटला ऑटोत घालून मेडिकलला न्यायचं? त्याला बसताही येत नाही हो.

संत्राबर्फी: केरळ बघा. २००८ मध्ये तिथल्या सरकारनं पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, धोरण आणलं. पंचायतीच्या पैशातून पगारी नर्स घरोघरी जाते, सोबत गावचे स्वयंसेवक. जखम नर्स बघते. गप्पा मारणं, घरात दाणापाणी आहे का बघणं स्वयंसेवकांकडे.

महालचा बाप्पा: मग मी वेगळं काय म्हणत होतो? नर्स पगारी!

मानेवाडावाली: मान्य. पण ती पोस्ट निघेपर्यंत काय? सिस्टर अडुसष्ट वर्षांच्या आहेत.

महालचा बाप्पा: तोवर वर्गणी काढा, मीही देतो. सरकारी चेक मात्र नको. मार्चमध्ये हिशोब मागायला माणूस येईल, ग्लोव्हज जूनमध्ये.

मानेवाडावाली: वर्गणी दोन महिने येते, बाप्पा. तिसऱ्या महिन्यात गणपती असतो. बरं, देताच आहात तर १६ नंबरचे फोलीज कॅथेटर संपलेत. पाच आणा.