तिसऱ्या सीझनबद्दल

'सिलिकॉन व्हॅली' या स्टार्टअपवरच्या अमेरिकन विनोदी मालिकेचा तिसरा सीझन (२०१६) रेंगाळतो असं कुणीतरी म्हटलंय, मला ते मुळीच पटत नाही. मालिकेचा खरा जीव तिथंच आहे. रिचर्डच्या पाइड पायपर कंपनीचं अ‍ॅप लाखो लोक डाउनलोड करतात, पण रोज वापरणारे मूठभर. इंजिनिअर मंडळी ज्यावर खूश असतात, ते साध्या माणसाला कळतच नाही, आणि रिचर्ड एकेकाला समजावत बसतो.

सांगलीत आम्ही हे भोगलंय. द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदी ठेवणारं अ‍ॅप आम्ही दोघा मित्रांनी काढलं होतं. तासगावकडच्या एका काकांच्या बागेत गेलो. बोर्डो या बुरशीनाशकाचे निळे डाग पडलेले हात पुसत त्यांनी मोबाइल काढला. अ‍ॅप होतं, पण एकदाही उघडलेलं नव्हतं. नोंदी सगळ्या शेडच्या भिंतीवर, खडूनं, तारखेसकट. "हितं टाकीपाशी उभं राहिलं की दिसतंय की रं," म्हणाले. मी त्या भिंतीकडं बघतच राहिलो.

म्हणून रिचर्डचा सहकारी जेरेड गुपचूप बांगलादेशातल्या क्लिक फार्मकडून खोटे वापरकर्ते विकत घेतो, तेव्हा मला त्याचा राग येत नाही. चूक ती चूकच, पण रिचर्डला खचलेलं त्याला बघवत नाही. जेरेडच्या भूमिकेत झॅक वुड्सनं काय काम केलंय तिथं! तो भाग परत बघाच.