जुन्या गाडीतील कूलंट कमी होते, पण गळती दिसत नाही

प्रश्न (खानापूर): माझ्या जुन्या पेट्रोल गाडीतील कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) हळूहळू कमी होत असून गोव्याहून परतताना चोर्ला घाटात तापमानाचा काटा वर सरकतो; मात्र गाडीखाली थेंबही दिसत नाही. मेकॅनिक थेट रेडिएटर (कूलंट थंड करणारी जाळी) बदलण्यास सांगतात. बदलावा का?

उत्तर (निपाणी): इतक्यात नको. आधी गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट (कूलंटच्या यंत्रणेत दाब भरून गळती शोधणे) करून घ्यावी, कारण बारीक गळतीचा द्रव गरम इंजिनावरच वाळतो आणि मागे केवळ पांढरट किंवा हिरवट डाग उरतो. होजची (कूलंटच्या रबरी नळ्यांची) टोके आणि वॉटर पंपाखालचे छिद्र पाहावे. रेडिएटरचे झाकणही तपासावे; ते स्वस्त असल्यामुळेच बहुधा दुर्लक्षित राहते, परंतु त्याने दाब धरला नाही तर कूलंट लवकर उकळते. इंजिन गरम असताना मात्र हे झाकण मुळीच उघडू नये.

उत्तर (बेळगाव): बाहेर काहीच सापडले नाही आणि ऑइल दुधाळ दिसले किंवा एक्झॉस्टमधून सतत पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या वरच्या व खालच्या भागांमधील सीलचा) संशय घ्यावा.

प्रश्नकर्ता: धन्यवाद. तोपर्यंत बोअरचे पाणी चालेल का?

उत्तर (निपाणी): क्षार साचतात, डिस्टिल्ड वॉटरच वापरावे.