पाटीवर मावेल एवढा इतिहास

एकांनी लिहिलंय की इतिहासात एमए करणाऱ्या त्यांच्या भाचीला घरचे सांगतात, ‘प्राध्यापकी नाहीतर एमपीएससी, तिसरं काही नाही.’ तिसरं आहे हो: सार्वजनिक इतिहास, म्हणजे संग्रहालयं, जुन्या वास्तू, तिथल्या माहितीच्या पाट्या यांतून सामान्य लोकांपर्यंत इतिहास पोचवण्याचं काम. त्याचा अभ्यासक्रम इतिहासकार रॉबर्ट केलींनी १९७६ साली कॅलिफोर्नियात सांता बार्बराला सुरू केला, तोही प्राध्यापकांच्या जागा आटल्यावरच. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्र १९५२ पासून शिकवतात.

पण पदवीपेक्षा हात कशावर बसायला हवा, ते सांगतो. मी ठाण्यात हौसेने लोकांना जुनं गाव फिरवून दाखवतो. मध्यवर्ती कारागृहापाशी उभं राहून ‘हा किल्ला आहे’ म्हटलं की निम्मे लोक हसतात. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ला मराठ्यांनी जिंकलेला, १७७४ला इंग्रजांकडे गेलेला, आणि १९१०मध्ये जिथे क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले तो किल्ला. आता हे सगळं साठ शब्दांच्या पाटीवर बसवा! काय गाळायचं, हाच खरा प्रश्न. प्रबंधात तळटीप देऊन सुटता येतं, पाटीपुढे माणूस अर्धं मिनिटसुद्धा थांबत नाही. (माझी पहिली पाटी दोनशे शब्दांची होती. बायकोनेही पूर्ण वाचली नाही.)

पगार सुरुवातीला बेताचा आणि नेमणूक बहुधा कंत्राटी, हे मात्र घरच्यांचं बरोबर. भाचीला आधी भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात एक पूर्ण दिवस घालवू द्या. वस्तू नंतर बघ म्हणावं, आधी पाट्या वाच.