'तूर' शोधली की सगळं लातूर हाती येतंय: पायथॉनमध्ये शब्द नेमका कसा शोधायचा?

बांधावरून (औसा तालुका)

नमस्कार. मी गावातल्या शेतकरी गटाचं हिशेबाचं काम बघते. बी.एस्सी. झालंय, पायथॉन यंदाच्या उन्हाळ्यात घरीच शिकायला घेतलं.

आमच्या गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कुणी ना कुणी भाव टाकतं. कुणी लातूरच्या यार्डातून, कुणी उदगीरहून, कुणी मुरूडहून. तीन वर्षांचे मेसेज मी 'एक्सपोर्ट चॅट' करून एका टेक्स्ट फाइलमध्ये घेतलेत. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकच गोष्ट पाहिजे: मागच्या तीन हंगामांत जानेवारी ते एप्रिल तुरीचा भाव आठवड्या-आठवड्याला कसा सरकला. आमच्या घरात दर वर्षी तीस-चाळीस कट्टे तूर थांबवून ठेवलेली असते. ती कधी काढायची यावर दर वर्षी तेच बोलणं होतं, आणि दर वर्षी ते आठवणीवरच होतं. एकदा तरी आकडे समोर ठेवून ठरवावं असं मला वाटतं.

मेसेज साधारण असे असतात (आकडे नमुन्याचे आहेत):

लातूर तूर लाल आवकः ३२०० किमान ६८०० कमाल ७२५०
तूर उदगीर: पांढरी ७१००/-
आज लातूर सोयाबीन ४३५०, आवक लई आहे
मुरूडला तुरीला ६९५० मिळाला, हरभऱ्याला ५२००

मोबाइलवरून लिहितेय, म्हणून कोडही देवनागरीतच लिहिते, समजून घ्या:

इफ मेसेज.फाइंड('तूर'):
    यादी.अपेंड(मेसेज)

यात दोन गोष्टी होतायत. एक, सोयाबीनचे, पावसाचे, वाढदिवसाचे सगळेच मेसेज यादीत येतात. दोन, जे मेसेज 'तूर' या शब्दानंच सुरू होतात, नेमके तेच गायब! तीन दिवस झाले, काही कळंना गेलंय. शिवाय फाइलमधली ओळ ('तारीख, वेळ - नाव: मेसेज' अशी असते) कोलनवर स्प्लिट केली, म्हणजे तोडली, की तारखेपुढची वेळ तुटते, १० एकीकडं आणि १५ दुसरीकडं.

---

नांदेडचा_विद्यार्थी

ताई, पहिली चूक फाइंडची आहे. फाइंड 'आहे की नाही' हे सांगत नाही, कुठं आहे ते सांगतं. शब्द अगदी सुरुवातीला असेल तर उत्तर ०, सापडलाच नाही तर -१. पायथॉनच्या इफला ० म्हणजे खोटं आणि बाकी कुठलाही आकडा, -१ सुद्धा, म्हणजे खरं. म्हणून न सापडलेले आत आले आणि तूरनं सुरू होणारे बाहेर राहिले. फाइंडच्या जागी 'इन' वापरा: इफ 'तूर' इन मेसेज.

तारखेची ओळ दोन टप्प्यांत तोडा. आधी ' - ' वर स्प्लिट करा, पण कंसात खुणेनंतर १ हा आकडाही द्या, म्हणजे पहिल्या ठिकाणीच तुटेल आणि पुढं कुणी कितीही डॅश टाकले असले तरी ते शाबूत राहतील. मग उरलेल्या भागावर पार्टिशन(': ') लावा. पार्टिशन कायम तीनच तुकडे देतं: आधीचा, खूण, नंतरचा. खूण नसेल तर मागचे दोन रिकामे येतात, कोड अडत नाही. 'अमक्यानं ग्रुप सोडला' अशा ओळी तिथंच गळतील. ज्या ओळीला तारीखच नाही ती आधीच्या मेसेजची पुढची ओळ असते, ती आधीच्याला जोडा.

आणि 'तूर' पूर्ण शब्द म्हणून हवा असेल तर आरई मॉड्यूल (मजकुरात नमुने शोधणारं) घेऊन शब्दाच्या दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश बी लावा. वर्ड बाउंडरी म्हणतात त्याला.

---

बांधावरून

दादा, धन्यवाद. तारखेचं काम एका फटक्यात झालं. इननंही बराच फरक पडला.

पण आता नवीनच. यादीत सोयाबीनचे मेसेज अजून येतायत, आणि नीट बघितलं तर ते सगळे लातूरचे आहेत. उदगीरचे सोयाबीनचे येत नाहीत, मुरूडचे येत नाहीत, फक्त लातूरचे. मग डोक्यात आलं: 'लातूर' या शब्दातच 'तूर' आहे! म्हणून तुम्ही सांगितलेली बाउंडरी लावली. दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश बी. तरीही लातूर येतंच आहे. दोनदा तपासलं, टायपिंगची चूक नाही.

---

नांदेडचा_विद्यार्थी

हे मात्र व्हायला नको होतं. इंग्रजीत मी कायम हेच वापरतो आणि ते चालतं. आत्ता करून बघितलं, माझ्याकडंही 'लातूर'मध्ये 'तूर' सापडतेय. कुणी जाणकार सांगा.

---

परभणीचे_सर

ताई, तुमची चूक नाही. पायथॉन मराठी शब्दाकडं कसं बघतं तिथं गाठ आहे, आणि ही ठेच मीही एकदा खाल्लेली आहे. सावकाश सांगतो.

'लातूर' आपल्याला तीन अक्षरं दिसतात: ला, तू, र. पायथॉनला पाच तुकडे दिसतात: ल, काना, त, दीर्घ उकार, र. लेन (लांबी मोजणारं) लावून बघा, ५ येईल. फाइंड('तूर') केलं तर उत्तर २ येतं, कारण ० वर ल आणि १ वर काना आहे.

आता बाउंडरी. बॅकस्लॅश बी म्हणजे जिथं शब्दातलं अक्षर आणि शब्दाबाहेरचं चिन्ह एकमेकांना लागतात ती शीव. शब्दातलं अक्षर कोणतं हे आरई मॉड्यूल ठरवतं: अक्षर, अंक आणि अंडरस्कोर. आपला काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना युनिकोडनं (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक) 'अक्षर' न म्हणता 'मार्क' म्हटलेलं आहे, आणि आरई मार्कला शब्दातलं धरत नाही. म्हणजे 'ला'च्या कान्यापाशीच त्याच्या लेखी शब्द संपला, आणि 'त'पासून नवीन शब्द सुरू झाला! तुमची बाउंडरी बरोबर तिथंच लागली. खात्री करायची तर आरईच्या फाइंडऑलला बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस (म्हणजे शब्दातल्या अक्षरांचे सलग तुकडे) देऊन 'लातूर' घाला. ल, त, र असे तीन सुटे तुकडे हातात येतील, कानाही नाही, उकारही नाही.

म्हणून मराठीसाठी रेगेक्स, म्हणजे आरईचे हे नमुने, लगेच हाती घेऊ नका. साधं स्प्लिट जास्त भरवशाचं आहे. स्प्लिट() कंसात काहीही न देता वापरा. स्प्लिट(' ') असं एक स्पेस देऊन वापरलं तर लागोपाठ दोन स्पेस असले की मधे रिकामा तुकडा येतो. रिकाम्या कंसाचं स्प्लिट कितीही स्पेस, टॅब, नवी ओळ असली तरी सगळं एकच अंतर धरतं. मग

शब्द = मेसेज.स्प्लिट()
इफ 'तूर' इन शब्द:

इथं इनचा अर्थ बदलतो हे लक्षात घ्या. स्ट्रिंगमध्ये इन म्हणजे 'आत कुठंतरी', यादीत इन म्हणजे 'अख्खा घटक तोच'. 'लातूर' हा घटक 'तूर' नाही. लातूर गळालं.

दुसरी गोष्ट तुमच्या नमुन्यातच दिसली. पहिल्या ओळीत 'आवकः' आहे आणि दुसऱ्या ओळीत 'उदगीर:' आहे. दोन्ही एकसारखे दिसतात, पण पहिला विसर्ग आहे आणि दुसरा कोलन. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर विसर्ग पटकन हाताशी येतो, म्हणून निम्मी माणसं तोच ठोकतात. युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नेम वापरून दोन्ही चिन्हांची नावं छापा: एकाचं 'देवनागरी साइन विसर्ग', दुसऱ्याचं नुसतं 'कोलन'. कोलनवर स्प्लिट केलेला कोड विसर्गाच्या ओळीला हातही लावणार नाही. तेव्हा शब्द वेगळे झाल्यावर प्रत्येकाला स्ट्रिप करा आणि कंसात ही सगळी चिन्हं एकत्र द्या: कोलन, विसर्ग, स्वल्पविराम, डॅश, तिरकी रेघ. स्ट्रिप फक्त दोन्ही टोकं छाटतं, मधलं काही तोडत नाही. 'स्वतः' सारख्या शब्दाचा विसर्ग जाईल, पण भावाच्या मेसेजला त्यानं बाधा येत नाही. '७१००/-' चं छान '७१००' होतं, आणि ते देवनागरी आकड्यांत असलं तरी इंट() त्याचा आकडा करून देतं. '७,१००' असेल तर मधला स्वल्पविराम आधी रिप्लेसनं काढा, नाहीतर एरर येईल.

डॅशवर मात्र स्प्लिट करू नका. माझ्याकडं बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीडीएन-७११ हे तुरीचं वाण असतं. ग्रुपवर कुणी वाणाचं नाव टाकलं आणि तुम्ही डॅशवर तोडलं, तर ७११ हा भाव म्हणून तुमच्या तक्त्यात जाऊन बसेल.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. बाजारात 'तूर' म्हणून कमी लिहितात, 'तुरीला', 'तुरीचा', 'तुरीत' जास्त. विभक्ती लागली की दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो, म्हणजे ते चिन्हच वेगळं. तुमच्या चौथ्या ओळीत 'तूर' हे तुकडे त्या क्रमानं कुठंच नाहीत. स्टार्ट्सविथ (शब्द कशानं सुरू होतो ते बघणारं) घ्या, त्याला एका कंसात अनेक सुरुवाती देता येतात: 'तूर' आणि 'तुरी'. कुणी ऱ्हस्व 'तुर' लिहितं म्हणून नुसतं 'तुर' देऊ नका, कारण मग 'तुरळक आवक' मधला 'तुरळक' आत येईल. ऱ्हस्व 'तुर' हवा तर तो अख्खा शब्द म्हणून बरोबरीनं तपासा.

पुढं हरभरा काढाल तेव्हा अजून एक अडचण येईल. 'हरभऱ्याला' लिहायच्या दोन तऱ्हा आहेत. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, लेन ९. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, लेन १०: हरभर्‍याला. डोळ्यांना फरक नाही, पण बरोबरीच्या खुणेला दोन्ही वेगळे. युनिकोडडेटाचं नॉर्मलाइज एनएफसी (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करणारं) इथं कामी येत नाही. र + नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असेल तर ते जुळवून ऱ करतं, पण जोडकाला ते हात लावत नाही. फाइल वाचतानाच 'र, हलन्त, जोडक' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' हे रिप्लेस करा. जोडक नुसता पुसून टाकायचा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नका. पुसला की रफार होतो आणि दऱ्यांचा दर्या होतो.

---

नांदेडचा_विद्यार्थी

सर, काना-मात्रेचं हे मला माहीतच नव्हतं. ताई, माझ्यामुळं तुमचा वेळ गेला, माफ करा. विंडोजवर असाल तर फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८' द्यायला विसरू नका.

---

बांधावरून

दादा, माफी कसली! तुमच्या पार्टिशनशिवाय मी पहिल्याच ओळीत अडकले होते.

सर, आज दुपारी बसून सगळं केलं. आधी १,८४० मेसेज 'तुरीचे' म्हणून येत होते, आता ४६२ आले. शंभर मेसेज काढून हातानं तपासले, एकही सोयाबीनचा नाही. 'तुरळक' तीन ठिकाणी होतं, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच सापडलं नसतं. विसर्गाचंही खरं निघालं. आमच्या ग्रुपवर उदगीरचे एक काका कायम कोलन टाकतात आणि यार्डातून लिहिणारे सगळे विसर्ग.

संध्याकाळी यादी अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन पानं बघितली आणि विचारलं, "फेब्रुवारीतले यार्डातले भाव कुठंयत?" मी म्हटलं, आहेत तेवढे हेच. ते म्हणाले, "नाही, रोज यायचे." मूळ फाइल उघडली. रोज आलेले आहेत! पण असे:

लाल ६९००-७२००, पांढरी ७०००-७४००

'तूर' हा शब्दच नाही. हंगाम भरात असला की यार्डातला माणूस लाल-पांढरी एवढंच लिहितो, सगळ्यांना कळतं. आता 'लाल' आणि 'पांढरी' शोधावं तर ग्रुपवर लाल मिरची आहे, पांढरी ज्वारी आहे. काय करावं?

---

परभणीचे_सर

अण्णांना नमस्कार सांगा.

अशा ओळींचा निकाल कोडवर सोडू नका. ज्या मेसेजमध्ये 'लाल' किंवा 'पांढरी' आहे पण कुठल्याच पिकाचं नाव नाही, ते तारखेसकट वेगळ्या फाइलमध्ये काढा. पिकांची नावं आणि त्यांची विभक्तीची रूपं एका यादीत ठेवा: ज्वारी, मिरची, मूग-मुगाला, उडीद-उडदाला, हरभरा-हरभऱ्याला, गहू-गव्हाला. यातलं काही असेल तर मेसेज त्या पिकाचा. उरलेल्यांपैकी जानेवारी ते एप्रिलचे तेवढे छापा आणि अण्णांच्या हातात पेन द्या. ६९००-७२०० मधला डॅश मात्र इथं स्प्लिटनं तोडावा लागेल, किमान आणि कमाल वेगळे करायला. तो तोडण्याआधी शब्दाचं पहिलं अक्षर अंक आहे का ते इजडिजिटनं बघा. देवनागरी अंकही त्याला ओळखू येतात. बीडीएन-७११ तिथंच बाजूला पडेल.

---

बांधावरून

छापले. अकरा पानं झाली. अण्णा ओट्यावर बसून खुणा करायलेत, आणि शेजारचे काकाही येऊन बसलेत.