मदत हवी आहे: जीपचे आरपीएम एवढे का चढतात?

मंडळी, जुन्या डिझेल जीपला अंबडच्या एका गॅरेजात दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स आणि दोन्ही हाउसिंग (पुढच्या-मागच्या चाकांमधले अ‍ॅक्सल, आतल्या गिअरसकट) बसवून घेतले. आता टॉप गिअरला ६० च्या वेगात आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) २६००, आधी २००० च्या आसपास असायचे. वेग जीपीएसवर पाहिलाय, टायर तेच. कसारा घाटात आरपीएम आणि वेग सोबतच वाढतात, म्हणजे क्लच घसरत नसावा. मिस्त्री म्हणतो, "चालवा, सेट होईल." लोखंडाचे दात कसले सेट होतायत!

माझा संशय क्राउन-पिनियनवर आहे, म्हणजे हाउसिंगमधली दातेरी चाकांची जोडी; शाफ्टच्या किती फेऱ्यांना चाकाचा एक फेरा, हा रेशो तीच ठरवते. एक मागचं चाक उचलून दोन फेरे फिरवलं आणि प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या हाउसिंगला जाणारा दांडा) फेरे मोजले, तर रेशो नक्की कळेल ना? की आधी गिअरबॉक्स तपासू? नाशकात शिम (क्राउन-पिनियनचे दात नीट जुळवायच्या पातळ चकत्या) नीट लावणारा कोणी माहितीये का?