स्कॉटलंडमधील ‘इलेक्ट्रिक ब्रे’ : गाडी चढाकडे जाते म्हणतात, पाहायला जावे का?

प्रश्न : क्लाइडकाठी
माझे आईवडील पुढील महिन्यात सांगलीहून ग्लासगोला येत आहेत. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता असून त्यांची हयात डंपी लेव्हल (जमिनीची उंची-पातळी मोजण्याची दुर्बीण) लावून कालव्यांचे उतार काढण्यात गेली आहे. एअर शहराच्या दक्षिणेस सुमारे 9 मैलांवर, ए-719 रस्त्यावरील ‘इलेक्ट्रिक ब्रे’ (‘ब्रे’ म्हणजे स्कॉट बोलीत टेकडीचा उतार) येथे ब्रेक सोडलेली गाडी आपोआप चढाकडे जाताना दिसते, असे मी त्यांना फोनवर सांगितले, तेव्हा ‘पाणी कुठे वाहते ते आधी विचार’ एवढेच ते म्हणाले. तेवढ्यासाठी तेथे जाणे योग्य ठरेल का, गाडी कशी उभी करावी आणि वडिलांचे समाधान होईल असे काय करून पाहता येईल, हे माहितगारांनी कृपया सांगावे.

उत्तर : एअरशायरवासी
केवळ तेवढ्यासाठी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सगळा प्रकार दहा मिनिटांत आटोपतो. मात्र त्याच रस्त्याने डन्यूरचे बंदर, तेथील पडका किल्ला आणि पुढे कलेन कॅसल पाहता येत असल्यामुळे दिवस वाया जात नाही. हा टापू जेमतेम पाव मैलाचा आहे. त्याच्या पश्चिम टोकाला क्रॉय येथील रेल्वेपूल दिसणारे वळण आहे, तर पूर्व टोकाला झाडीने भरलेली घळ आहे. रस्त्यालगत गाडी थांबवण्याच्या जागेत एक शिळा बसवलेली असून तिच्यावर वळणाची उंची 286 फूट आणि घळीची 303 फूट अशी कोरलेली आहे. म्हणजे घळ 17 फुटांनी वर असते, पण डोळ्यांना ती खाली वाटते. त्यामुळे ब्रेक सोडताच गाडी वळणाच्या दिशेने, म्हणजे खरे तर उताराने, हळूहळू निघते आणि आपण चढ चढत आहोत असे वाटत राहते.
गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअर न्यूट्रलमध्येच ठेवावा. ‘डी’मध्ये ती इंजिनाच्या जोरावर सरकते आणि प्रयोगाला अर्थ उरत नाही. इंजिन मात्र बंद करू नये, कारण ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. हा वाहता रस्ता आहे, तेव्हा एकाने सतत मागे लक्ष ठेवावे आणि मागून वाहन येताना दिसले की प्रयोग सोडून द्यावा.

उत्तर : ओळंबा
वडिलांना सांगावे की पाणी तेथेही उताराकडेच वाहते. पूर्वी या जागी विजेचे किंवा चुंबकाचे आकर्षण असल्याचा समज होता आणि नाव त्यावरूनच पडले. पण रबरी चेंडूही गाडीच्याच दिशेने घरंगळतो, एवढ्यावरून चुंबकाचा प्रश्न निकालात निघतो. फसतो तो डोळा. 2003 साली पाओला ब्रेसान आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी रस्त्यांच्या छोट्या प्रतिकृतींवर प्रयोग करून दाखवले की, दिसणारे क्षितिज वरखाली केले तर उताराचा अंदाज बदलतो, आणि सौम्य उताराच्या मागे, पुढे किंवा बाजूला तीव्र उतार असेल तर तो सौम्य उतार चक्क चढ वाटतो.
अभियंत्याला यापेक्षा उताराचे प्रमाण अधिक रंजक वाटेल. शिळेनुसार ते 86 फुटांना 1 फूट, म्हणजे सुमारे 0.0116 आहे, तर मोटारीच्या टायरांचा लोळण-विरोध (चाक लोळताना होणारा अडथळा, गाडीच्या वजनाच्या प्रमाणात) साधारण 0.01 च्या आसपास असतो. दोहोंत इतका कमी फरक असल्यामुळेच गाडी रेंगाळत निघते, आणि टायरमध्ये हवा कमी असेल तर ती जागची हलणारही नाही. म्हणून निघण्यापूर्वी हवा तपासावी. गवंड्याची एक मीटर लांबीची पाणसळ बरोबर नेल्यास तिचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत एक टोक सुमारे 12 मिलिमीटर उचलावे लागेल, आणि कोणते टोक उचलावे लागले यावरूनच वादाचा निकाल लागेल.

उत्तर : लेहची वाट
लेहहून कारगिलकडे जाताना सुमारे 30 किलोमीटरवर मॅग्नेटिक हिल लागते, तेथेही हाच प्रकार आहे. गाडी कोठे उभी करायची यासाठी तेथे रस्त्यावर चौकट आखलेली आहे आणि शेजारच्या फलकावर गुरुत्वाकर्षणाला आव्हान वगैरे मजकूर आहे. स्कॉटलंडमधील शिळा उंचीचे आकडे देऊन मोकळी होते, हे मला अधिक आवडले.

क्लाइडकाठी
सर्वांचे आभार. पाणसळ मिळाली नाही, तर दोन्ही टोकांची उंची फोनच्या जीपीएसवर पाहून चालेल का?

उत्तर : ओळंबा
त्यावर विसंबू नये. 17 फूट म्हणजे जेमतेम 5 मीटर, आणि उंचीच्या बाबतीत फोनचे जीपीएस तेवढी चूक सहज करते. फोनमध्ये वायुदाबमापक असेल तर तो वापरावा; वळण खाली असल्यामुळे घळीपेक्षा तेथे हवेचा दाब सुमारे 0.6 हेक्टोपास्कलने जास्त दिसायला हवा. दोन्ही टोकांच्या नोंदी काही मिनिटांच्या आत आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवून घ्याव्यात, कारण समुद्रकिनाऱ्यावर वारा असेल तर आकडा एरवीही थोडा हलत राहतो.