दर्या लांब आहे म्हणून सोलापूरने बोलायचं नाही?

भीमाकाठ
काल या फोरमवर एकाने लिहिलं, "महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, गुजरातने मिळून मासेमारीचे एकच नियम करावेत, ही कोकणवाल्यांची मागणी. सोलापूरकरांनी त्यात पडू नये. ज्याने त्याने आपापलं पाणी सांभाळावं." वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आपापलं पाणी म्हणजे किती? किनाऱ्यापासून १२ सागरी मैल राज्याचं, पुढं २०० मैलांपर्यंत केंद्राचं. ही रेघ नकाशावर. बांगडा आज कर्नाटकातल्या मलपीसमोर, तर उद्या वेंगुर्ल्यासमोर. महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीनवर, म्हणजे थवाच्या थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, निर्बंध घातले. २०२१ ला १९८१ चा कायदा सुधारून दंड लाखांत नेला. २०२३ ला ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवली, म्हणजे त्याहून लहान मासा धरायचाच नाही. उत्तम. पण मालवण-देवगडचा माणूस पिल्लू सोडून देतो आणि रात्री बाहेरचा हायस्पीड ट्रॉलर येऊन तेच ओढून नेतो. एकट्या राज्याचा कायदा इथंच संपतो.

कृष्णेसाठी १९६९ ला लवाद बसला, १९७६ ला अंतिम निवाडा आला. वाहत्या पाण्याचे वाटे तेव्हा तीन राज्यांत पडले, तर फिरत्या मासळीचे का नाही पडणार?

बाळीवेस
लवादाचं नाव तेवढं काढू नका मालक. निवाड्याला पन्नास वर्षं होत आली आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीवरून भांडण अजून चालूच आहे. समुद्रासाठी तसंच काही काढलं की आणखी एक कार्यालय, आणखी गाड्या, आणखी बैठका.

आणि परप्रांतीयांवर बोट दाखवणं सोपं असतं. केंद्राने २०१७ ला एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीला बंदी घातली. दिवे लावणारे सगळे कर्नाटकचेच का? आपल्याच किनाऱ्यावर पर्ससीनवाले आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आधी घर आवरा, मग शेजाऱ्याकडे जा.

विडीघरकुल
संबंध काय असं विचारणाऱ्या दादांनी एकदा मंगळवार बाजारात सुकट-बोंबलाचा भाव विचारून यावं. आमच्याकडे विडीच्या मजुरीवर घर चालायचं, तेव्हा भाजी परवडली नाही की सुकटीची चटणी आणि भाकरी. गरिबाचं खाणं होतं ते. आता सुकट घेताना हात आखडतो. सगळंच महागलं हे खरं. पण किनाऱ्यावर बारीक मासळी फिशमीलच्या, म्हणजे माशांची भुकटी करायच्या, कारखान्यात जाते आणि तिथून कोंबड्यांच्या खाद्यात. माणसाच्या ताटात यायची ती मासळी कोंबडीला घालायची, हे मला पटत नाही.

करमाळकर
समुद्राचं सोडा ओ. उजनी बघा की.

आमची जमीन बॅकवॉटरखाली गेली. १९८० ला धरण पुरं झालं, वडिलांनी नांगर सोडून जाळं धरलं. माझ्या लहानपणी कटला असा यायचा की दोघांनी उचलावा लागायचा. आता चिलापी, चिलापी आणि चिलापी. कारण काय? सोलापूर, पुणे आणि नगर, पाणी एकच आणि जिल्हे तीन. बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, एकीकडं सोडायची आणि बोटभर झाली की दुसरीकडं बारीक जाळ्यानं काढायची. करमाळ्याच्या बाजूला कारवाई झाली की होड्या रातोरात पलीकडच्या काठाला. तिकडं आमचं कोण ऐकतंय? एका व्यापाऱ्यानं तर मला तोंडावर सांगितलं, "बारीकच आण, खपतंय." एका धरणात हे जमत नसेल तर चार राज्यांच्या गप्पा कशाला मारायच्या?

इंदापूरकर
पलीकडचा काठ म्हणजे आम्हीच ना? सरळ नाव घ्या. भिगवणच्या बाजारात करमाळ्याची मासळी येत नाही का? बारीक जाळी तुमच्याकडंही आहेत, मी डोळ्यांनी बघितलीत. आणि पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून सगळ्यात आधी आमच्या दारात येतं. उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं, मासा तडफडतो, तेव्हा करमाळ्याहून कुणी विचारायला आलं नाही.

करमाळकर
डोळ्यांनी बघितलीत तर तेव्हाच तक्रार का नाही केली?

इंदापूरकर
केली होती. हद्द आमची नाही असं लेखी उत्तर आलं.

जुळेसोलापूर
उजनीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. ११७ टीएमसीचं धरण आणि शहरात नळाला पाणी दिवसाआड सोडा, चार-पाच दिवसांआड. उजनीहून शहरात येणाऱ्या समांतर जलवाहिनीचं किती वर्षं ऐकलं. मासे जगवा म्हणताय, माणसांचं काय? टाकी भरायला पहाटे तीनला उठणाऱ्या बाईसमोर पापलेटची लांबी सांगून बघा.

विडीघरकुल
ती पहाटे उठणारी बाई मीच आहे. म्हणून मला इतर काही बोलायचा हक्क नाही, असं तुम्ही ठरवू नका.

भीमाकाठ
जुळेसोलापूर, पाण्याचा राग रास्त आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिला लिहीन.

बाळीवेस, एकत्र नियम चालतच नाहीत हे खोटं. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलर बंद असतात ना? पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. हे एका राज्याने केलेलं नाही.

बाळीवेस
अर्धंच सांगताय. केंद्राचा आदेश १२ मैलांच्या पुढचा. आत केरळ ५२ दिवसच ट्रॉलिंग बंद ठेवतं. एकच नियम कुठं राहिला?

आणि नियमांनी मासळी वाढते हाही भ्रम आहे. केरळची तारली मासळी घ्या. २०१२ ला जवळपास ३.९ लाख टन, २०२१ ला साडेतीन हजार टनसुद्धा नाही. शास्त्रज्ञांनी मुख्य कारण समुद्राचं बदललेलं तापमान आणि अल निनो हेच सांगितलं. समुद्र तापला तर लवाद काय पंखा लावणार?

भीमाकाठ
तुमचे आकडे बरोबर, त्यावरून काढलेलं अनुमान चुकीचं. तारली हवामानाने घटली तर त्याच वर्षी जाळी कमी पडायला हवीत, म्हणजे उरलेली वीण टिकेल. पण केरळने एकट्याने हात आवरला आणि मंगळूर-मलपीने नाही, तर केरळचा मच्छीमार उपाशी आणि तारली तरी गेलीच. दुष्काळात कुठली चार गावं बोअर मारायचं आपणहून थांबवतात? कुणीतरी सगळ्यांना एकदम थांबवावं लागतं. हे सोलापूरच्या माणसाला समजावून सांगायची वेळ यावी याचंच वाईट वाटतं.

आणि हद्दीची किंमत फक्त पैशात नाही. गुजरातच्या बोटींवर कामाला गेलेले पालघरचे खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षानुवर्षं अडकतात. घरी बायकापोरं वाट बघतात. शेजाऱ्याशी बोलणं नसलं की भोग कुणाला येतात ते यात दिसतं.

बाळीवेस
पाकिस्तान कशाला मध्ये आणताय? विषय भरकटवू नका.

किमान लांबी चारही राज्यांत एकच असावी, इतकं मान्य. कारण इथली लहान मासळी तिकडच्या बंदरात उतरवली की आपल्या कायद्याचा कागद होतो, हे खरं आहे. त्यापुढे मी एक पाऊल टाकणार नाही. गस्तीनौकेचं डिझेल कोण भरणार, पकडलेली बोट कुठल्या बंदरात ठेवणार, दंड कुणाच्या तिजोरीत जाणार, हे आधी लिहून द्या.

करमाळकर
हेच तीन प्रश्न उजनीला लावा. डिझेल, बोट, दंड. इंदापूरकर, भांडण बाजूला ठेवून विचारतो. जाळ्याचं छिद्र केवढं आणि पावसाळ्याचे दोन महिने जाळी वर ठेवायची का, एवढ्या दोनच मुद्द्यांचं निवेदन तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांना देऊ. सही कराल? टेंभुर्णीला भेटू.

इंदापूरकर
सांडपाणी तिसरा मुद्दा असेल तरच. आणि टेंभुर्णीलाच का? भिगवणला या.